सोलापुरात जैन निवासी महाविद्यालयाचं वर्ष कसं आखावं? (१२० मुली, दिगंबर आचाराचं भोजनालय)

नवी_अधीक्षिका
सर्वांना जय जिनेंद्र. ट्रस्टनं चालवलेलं निवासी कन्या महाविद्यालय आहे, शहराच्या कडेला. विज्ञान आणि वाणिज्य मिळून १२० मुली. त्यातल्या चाळीसेक जैन नाहीत, पण भोजनालयाचा नियम मान्य करूनच प्रवेश घेतलेल्या. नियम असा: कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणी गाळलेलं. जूनपासून पूर्ण वर्षाचं वेळापत्रक नव्यानं बांधायचं आहे. विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि पंचांग शेजारी ठेवलं की दर महिन्याला कुठंतरी खटका उडतो. नेमकी सुरुवात कुठून करावी? तासिकांपासून, परीक्षांपासून की पर्वांपासून? ज्यांनी अशी वसतिगृहं चालवली आहेत त्यांनी आकड्यांसह सांगावं ही विनंती.

घटकापळ
ताई, यांपैकी कशापासूनच नाही. सूर्यास्तापासून सुरुवात करा.

सोलापूरचा सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला साधारण ७.०५ ला आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ५.५० च्या आसपास. म्हणजे सव्वा तासाचा फरक. दोन घटका आधी जेवण आटोपायचं म्हटलं, की ४८ मिनिटं वजा करा. जुलैत ६.१५ पर्यंत वेळ मिळतो, नोव्हेंबरअखेर ५.०२ ला ताट उचललेलं पाहिजे. १२० जणींची पंगत दोन फेऱ्यांत बसते, एका फेरीला पंचवीस मिनिटं. म्हणजे पहिली फेरी ४.१० ला बसली तरच काम जमतं.

सकाळचंही तसंच. सूर्योदयानंतर दोन घटका सोडायच्या तर जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय ७ ला, न्याहारी ७.४८ ला. आठची तासिका असेल तर मुली उपाशीच वर्गात जाणार. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहिली तासिका ८.३० ला आणि शेवटचं प्रात्यक्षिक ३.४५ ला संपलं पाहिजे. या दोन रेघा आधी मारा, बाकी सगळं त्यांच्या आत बसवा. उलट करायला गेलात तर वर्षभर ओढाताण.

बाळीवेस
घटकापळ यांना अनुमोदन. फक्त एक गोष्ट विश्वस्तांकडून आधीच लेखी घ्या: दोन घटका आधी, की सूर्यास्तापर्यंत? निम्म्या संस्था सूर्यास्ताचीच मर्यादा धरतात. ठरलेलं नसेल तर नोव्हेंबरात आचारी एक सांगतात, अधीक्षिका दुसरं, आणि मुली जे सोयीचं ते ऐकतात.

प्रयोगवही
प्रात्यक्षिकांबद्दल. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक तीन-चार तासांचं असतं, ते दुपारी ठेवूच नका. सकाळी ८.३० ते ११.३० प्रात्यक्षिक, मग जेवण, मग व्याख्यानं. एखादं व्याख्यान दहा मिनिटं आधी सोडता येतं, अर्ध्यावरचं टायट्रेशन सोडता येत नाही.

विद्यापीठ परीक्षेचं काय करणार तेही बघून ठेवा. दुपारच्या सत्राचा पेपर पाच-साडेपाचला सुटतो. केंद्र दुसऱ्या महाविद्यालयात असेल तर परत येईपर्यंत हिवाळ्यात अंधार पडतो. मार्च-एप्रिलला तितका त्रास नाही, मार्चअखेर सूर्यास्त ६.४० च्या सुमारास जातो. खरी अडचण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्राची. त्यावर उपाय एकच: डबा केंद्राच्या फाटकापाशी न्यायचा.

माळदांडी
डब्यात काय द्यायचं ते सांगतो. दुधात पीठ मळून केलेल्या दशम्या दोन, लसूण न घातलेली शेंगा चटणी आणि गूळ. रस्सा नको, भात नको. दहा मिनिटांत उभ्यानं खाता येतं. सोबत मुलींची यादी द्या, नाहीतर पेपरला न बसलेल्यांचे डबे फुकट जातात.

नवी_अधीक्षिका
घटकापळ काका, हेच हवं होतं. पण संध्याकाळी पाचला जेवल्यावर दुसऱ्या दिवशी पावणेआठपर्यंत पोटात काही नाही, म्हणजे पावणेपंधरा तास. रात्री अभ्यास करणाऱ्या मुलींना भूक लागते. जैन नसलेल्या मुलींना हे जास्तच जड जातं. काय करावं?

गवार_दोडका
ही तक्रार नियमाबद्दल असते असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती ताटाबद्दल असते. संध्याकाळच्या जेवणात भात जास्त आणि भाकरी कमी असेल तर आठ वाजताच पोट रिकामं होतं. संध्याकाळी भाकरी सक्तीची ठेवा, दोन तरी. सोबत घट्ट डाळ, शेंगदाण्याच्या कुटाची भाजी, चमचाभर तूप. भात दुपारी. एवढं केलं तरी निम्मी तक्रार जाते.

दुसरं, रात्रीचा अभ्यास सात ते दहा आणि दिवे दहाला बंद, पहाटे पाचला उठणं. बारापर्यंत जागायची मुभा ठेवायची आणि जेवण पाचला द्यायचं, हे दोन्ही एकत्र चालत नाही. दिनक्रमच सूर्याबरोबर हलला पाहिजे.

चौपाल_नको_पार_हवा
थोडा वेगळा सूर लावतो. चाळीस मुली जैन नाहीत, त्यांना रात्री पाणी आणि औषध यांवर बंदी नको, आणि मधुमेही किंवा आजारी मुलीला तर अजिबात नको. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्या मुलीची साखर रात्री उतरली तर तिला तत्क्षणी गोड द्यावंच लागतं. अशा मुलीच्या खोलीत ग्लुकोज ठेवायची परवानगी प्रवेशाच्या दिवशीच लिहून द्या. रात्री अकराला कोणाला तरी फोन करून विचारायची वेळ येता कामा नये.

बाहेरच्या खाण्याबद्दल: आवारात आणायचं नाही, एवढाच नियम पाळता येतो. शहरातल्या सात रस्ता चौकात जाऊन कोण काय खातं हे तपासत बसलात तर मुलींचा विश्वास जातो आणि हाती काही लागत नाही.

बाळीवेस
हे पटलं. आचार हा शिकवायचा असतो, झडती घेऊन तो अंगी येत नाही.

माळदांडी
आता पिठाकडे येऊ या, कारण वर्षाचा खरा हिशोब तिथं आहे.

पिठाची मर्यादा, म्हणजे दळल्यापासून ते किती दिवस वापरायचं, ती पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. एका भाकरीला ८५-९० ग्रॅम पीठ धरा. १२० मुली, दोन भाकऱ्या, म्हणजे २४० भाकऱ्या आणि साधारण २१ किलो ज्वारीचं पीठ रोज. पावसाळ्यात एका दळणाला ६३ किलो. एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला सात-आठ किलो दळते, ती इथं पुरत नाही, आठ तास चालवून तापते. मोठी चक्की बसवा, थ्री फेज जोडणी घ्या, आणि दळणाचा वार ठरवा. बाहेरच्या गिरणीत दळलं तर आधीच्या गिऱ्हाईकाचं पीठ मिसळतं, मर्यादा मोजण्यात अर्थ उरत नाही.

चक्कीत काय बिघडतं तेही सांगतो. दळण झालं की पाळ्यांच्या कडेला आणि पिशवीच्या शिवणीत मूठभर पीठ चिकटून राहतं. ते आठवडाभर राहिलं की जाळी धरते आणि पुढच्या प्रत्येक दळणात अळी येते. दळण संपलं की ब्रशनं झाडणं, पिशवी उलटी करून उन्हात टाकणं, हे दर वेळी व्हायलाच हवं.

मर्यादा पाळण्याचा एक फायदा असा की भाकरी चांगली होते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते. परातीत मळलं तरी गोळा धरत नाही, थापताना कड फाटते, तव्यावर टाकताना मधूनच तुटते. मग बायका उकळतं पाणी घालून कशीबशी सांधतात, पण पापुद्रा सुटत नाही. तीन दिवसांचं पीठ कोमट पाण्यातही लोण्यासारखं मळतं. आजींच्या हाताला हे शास्त्र वाचायच्या आधीपासून माहीत आहे.

ज्वारी वर्षाची एकदम घ्या, मार्च-एप्रिलला, रब्बीची नवी सुगी बाजारात आली की. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर उत्तम. रोज २१ किलो, वर्षाचे सुट्ट्या वगळून २६० दिवस, म्हणजे ५५ क्विंटलच्या आसपास. दाताखाली दाणा कट्कन फुटेपर्यंत उन्हात वाळवायची, पत्र्याच्या कणग्यांत भरायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये. पाला ओला राहिला तर उलट बुरशी येते. कणगी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या.

हिशोबनीस
५५ क्विंटल एकदम म्हणजे पैसाही एकदम. विश्वस्तांच्या वार्षिक अंदाजपत्रकात धान्यखरेदी मार्चमध्येच दाखवा. मुलींची फी जूनमध्ये येते, त्यामुळे मधल्या तीन महिन्यांची तरतूद लागते. हे विसरलं तर जुलैत किरकोळ भावानं घ्यावं लागतं, तेही पावसात ओलसर झालेलं.

चटणीवाली_अशोकचौक
माळदांडी यांनी लसूण नसलेली शेंगा चटणी म्हटलं म्हणून लिहिते. लसूण काढला की उरलेला ऐवज फिका लागतो, असं लोक म्हणतात. प्रमाण बदललं तर लागत नाही. एक किलो भाजलेले, सोललेले दाणे. लाल तिखट ५५ ग्रॅम, जिरं २० ग्रॅम भाजून, मीठ ३० ग्रॅम. दाणे मंद आचेवर आतपर्यंत भाजायचे, साल काळं पडू द्यायचं नाही. मग उखळात कुटायचं. कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि तिखट-मीठ त्या तेलात मुरतं, सोलापूरची चटणी ओलसर दिसते ती यामुळे. मिक्सरला फिरवली तर कोरडी पूड होते, जास्त फिरवली तर गोळा. मोठ्या स्वयंपाकघरात उखळ जमत नसेल तर मिक्सर दोन-दोन सेकंदच, थांबून थांबून, आणि शेवटी पाट्यावर वरवंट्याचे चार हात.

व्रती मुली हिंग घेत नाहीत, म्हणून जिरं वाढवलंय. मर्यादा मसाल्यालाही पिठाचीच लागते, तेव्हा पावसाळ्यात तीन दिवसांची चटणी करा. मे महिन्यात तर एरवीही ती लवकर खवट होते.

शोधाचा_चौका
चटणी ठीक, पण ती दह्याबरोबर वाढू नका.

चटणीवाली_अशोकचौक
का? सोलापुरात चटणी-दही हेच तर जेवण.

शोधाचा_चौका
द्विदल. डाळवर्गाचं धान्य कच्च्या दुधाच्या दह्या-ताकाशी मिसळलं की दोष. शेंगदाणा त्यात धरायचा की नाही यावर दोन मतं आहेत. श्वेतांबर परंपरेत ज्याच्या दोन फोडी होतात आणि ज्यातून तेल निघत नाही तेच द्विदल, म्हणून शेंगदाणा सुटतो. दिगंबरांत काही जण शेंगदाणा-बदाम यांनाही काष्ठद्विदल म्हणून वर्ज्य धरतात, काही धरत नाहीत. संस्थेनं आपल्याकडे येणाऱ्या मुनिसंघाला विचारून एकच भूमिका घ्यावी आणि फलकावर लावावी.

डाळींबद्दल मात्र मतभेद नाही. तेव्हा बेसनाची कढी बंद, दहीवडा बंद, पिठल्याबरोबर ताक बंद. कढीला तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ लावा, ज्वारीची कढी फार सुरेख होते. सोपा मार्ग म्हणजे आठवड्याचे वार वाटून टाकायचे: तीन दिवस डाळीचे, तीन ताकाचे, रविवारी गोड. ताकाच्या दिवशी स्वयंपाकघरात डाळ शिजतच नाही, म्हणजे वाढणाऱ्याची चूक होत नाही.

गवार_दोडका
भाज्यांचं मी सांगते. मोड आलेली कडधान्यं नाहीत, वांगं नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. म्हणजे सोलापुरी ताटातलं अंबाडी, चुका, मेथी, शेपू सगळं आषाढ ते आश्विन बाहेर. उरतात गवार, दोडका, भेंडी, दुधी, कारलं, पडवळ, तोंडली. सात भाज्या आणि चार महिने. एकच भाजी आठवड्यात दोनदा आली की मुली कंटाळतात, तेव्हा करण्याची पद्धत बदला: गवार एकदा कूट लावून, एकदा नुसती परतून.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवं नाही. महिन्यातून चार दिवस. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातच सांडगे घालून ठेवण्याची पद्धत आहे, पण त्यांच्याही मर्यादेबद्दल मतं वेगळी, म्हणून शोध (अन्नशुद्धीचे कडक नियम) पाळणाऱ्यांना मूगडाळ, तुरीचं घट्ट वरण, चिंचगुळाची आमटी द्या.

प्रयोगवही
अष्टमी-चतुर्दशीच्या तारखा कुठल्या पंचांगातून घेता? तिथी कुठल्याही पंचांगात साधारण सारखीच, पण महिन्याचं नाव बदलतं.

घटकापळ
बरोबर पकडलंत. हा घोळ दर वर्षी कुठे ना कुठे होतो. बरीच जैन तिथीदर्पणं उत्तरेकडून येतात, त्यांत महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. म्हणून महावीर निर्वाण त्यांच्याकडे कार्तिक कृष्ण अमावास्या, आपल्याकडे आश्विन अमावास्या, दिवस तोच, दिवाळीच्या अमावास्येचा. क्षमावणी, म्हणजे एकमेकांची क्षमा मागण्याचा दिवस, त्यांची आश्विन कृष्ण प्रतिपदा, आपली भाद्रपद वद्य प्रतिपदा. शुद्ध पक्षात फरक नाही, वद्य पक्षात पूर्ण महिन्याचा. कार्यालयातल्या कोणी नुसतं महिन्याचं नाव वाचून भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत खूण केली की तीस दिवसांची चूक. वद्यातली प्रत्येक नोंद इंग्रजी तारखेनिशी लिहा.

शिवाय २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे सगळं पुढं सरकतं: गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरची धरून मागच्या वर्षाचा कागद वापरलात तर सत्र परीक्षा आणि महावीर निर्वाणाचा लाडू एकाच आठवड्यात येतील.

नवी_अधीक्षिका
म्हणजे दशलक्षण, आपलं दहा दिवसांचं पर्व, सप्टेंबरच्या मध्यापासून. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. हे दहा दिवस वर्ग चालू ठेवावेत का?

शोधाचा_चौका
चालू ठेवा, पण सकाळचे दोन तास मोकळे सोडा: अभिषेक, पूजा, मग त्या दिवसाच्या धर्मावर प्रवचन. उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव असा रोज एक. वर्ग १०.३० ला. स्वयंपाकघरासाठी हे वर्षातले सगळ्यात अवघड दिवस, कारण जेवणाऱ्यांचा आकडा रोज बदलतो. कोणी उपवास, कोणी एकाशन, कोणी फक्त तूप-मिठासारखा एखादा रस सोडलेला. आदल्या संध्याकाळी सहाच्या आत खोलीप्रमुख मुलीकडून तीन रकाने भरून घ्या: उपवास, एकवेळ, दोन वेळ. शेवटच्या चतुर्दशीला उपवास सर्वांत जास्त, त्या दिवशी १२० चा स्वयंपाक करू नका. पारण्याच्या सकाळी मात्र आधी मुगाचं पाणी आणि मऊ भात, एकदम पुरी-श्रीखंड नको, पोटं बिघडतात.

तेच दिवस गणपतीचे. रात्री उशिरापर्यंत ढोल-लेझीम असतं, उपवासाच्या मुलींना झोप हवी. आतल्या बाजूच्या खोल्या दहा दिवसांसाठी त्यांना द्या.

आणि एक, हे मनापासून: कोणत्याही मुलीला उपवासाचा आग्रह नको, आकडे फलकावर लावू नयेत. बारावी सुटून आलेली मुलगी मैत्रिणीच्या बरोबरीनं तीन-तीन उपवास ओढते आणि प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडते. पहिल्या वर्षाच्या मुलींनी दोन सलग उपवासांपुढे जाताना घरी फोन झाला पाहिजे.

चौपाल_नको_पार_हवा
+१. पूजेच्या पाळीबद्दलही असंच. पाळी खोलीवार लावली की मासिक धर्मात असलेल्या मुलीला सगळ्यांसमोर सांगावं लागतं. नावांची यादी न लावता रोज चार जागा ठेवा, ज्या येतील त्या येतील. कोण का आली नाही हे कोणी विचारायचं नाही.

विहीर_आणि_बोअर
पाण्यावर अजून कोणी बोललं नाही, आणि सोलापुरात तर पाणी आधी.

नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आंघोळ, धुणं, स्वयंपाक धरून माणशी ९० लिटर: १२० × ९० × ५ = ५४ हजार लिटर. टाकी साठ हजारांची, आणि मधे भिंत घालून दोन कप्पे, म्हणजे एक धुताना दुसरा चालू. एकच मोठी टाकी बांधली की ती वर्षानुवर्षं धुतली जात नाही.

गाळण्याचं आता. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं. म्हणून टाकीत शिरताना एकदाच गाळून पाच दिवस वापरणं हे गाळणं नव्हे. वापराच्या ठिकाणीच गाळा. कापड जाड खादीचं, ३६ अंगुळं लांब, २४ रुंद, दुहेरी करून. सूर्यासमोर धरलं तर आरपार बिंब दिसता कामा नये. नळाच्या तोंडाला बांधलेल्या चार बोटांच्या चिंध्या दिसतात ना, त्यांतून पाणी बाजूनंच जातं. त्याऐवजी पिंपाच्या तोंडावर कापड सैल पसरा, मधे झोळ पडू द्या, धार झोळात पडली पाहिजे. बोअरचं पाणी जड, पांढरा क्षार धाग्यांत बसतो आणि पंधरा दिवसांत कापड कडक होतं. मग पाणी वरून वाहतं. दर पंधरा दिवसांनी कापड बदला.

विहीर असेल तर जिवाणी, म्हणजे गाळताना कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव, परत पोचवा. कापड गाळलेल्या पाण्यानंच उलट बाजूनं खळबळून ते पाणी कळशीत घ्यायचं. त्या कळशीला तळाला कडी असते, दुसरी दोरी त्या कडीत. कळशी सरळ खाली सोडायची, पाण्याला टेकली की तळाची दोरी ओढायची, कळशी तिथंच अलगद पालथी होते. वरून ओतलं तर पंचवीस हात खाली आपटून जीव मरतात, मग गाळलं कशासाठी? बोअरला हे करता येत नाही, म्हणून मुनींच्या आहाराचं पाणी विहिरीचंच घेतात.

हिशोबनीस
पिण्याचं उकळलेलं पाणी देणार असाल तर गॅसचा हिशोब बघा. माणशी ३ लिटर, ३६० लिटर रोज. साध्या पाण्यापासून उकळीपर्यंत न्यायला मोठ्या शेगडीवर साधारण पावणेपाच किलो गॅस. १९ किलोची व्यावसायिक टाकी फक्त पाण्यावर चार दिवसांत संपते. सौरबंबातून ६० अंशांचं पाणी घेऊन ते उकळलं तर जवळजवळ निम्मा गॅस. सोलापुरात ऊन भरपूर, दोन उन्हाळ्यांत खर्च भरून निघावा.

विहीर_आणि_बोअर
फक्त सौरबंबात जाणारं पाणी आधी गाळलेलं असू द्या. आणि एकदा उकळलेलं पाणी २४ तासांनंतर पुन्हा उकळून वापरायचं नाही. रोज संध्याकाळी उरलेलं मोजा. पाच-दहा लिटरच उरलं तर अंदाज बरोबर आहे. मे महिन्यात तीन नाही, साडेचार लिटर धरा.

वाचनकट्टा
थोडं अवांतर, पण वर्षाची सुरुवात ज्येष्ठ शुद्ध पंचमीला होऊ द्या. श्रुतपंचमी. पुष्पदंत-भूतबली या आचार्यांच्या षट्खंडागम या दिगंबर आगमग्रंथाच्या पूर्तीचा दिवस, ग्रंथांची पूजा. हा दिवस साधारण प्रवेशाच्या सुमाराला येतो, नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयात न्यायचं याहून चांगलं निमित्त नाही. जीवराज जैन ग्रंथमाला सोलापुरातून निघाली, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्यासारखे संपादक तिला लाभले. आपल्या गावात हे काम झालं हे मुलींना कळायला हवं. स्त्रीशिक्षणाचं काम करणारा राजुलमती श्राविकाश्रम आणि तिथल्या पंडिता सुमतीबाई शहा यांचंही.

कामाचं: पूजेआधी ग्रंथ वाळवायचे तर ते मे अखेरीस, पाऊस पडायच्या आत. थेट उन्हात नाही, कागद पिवळा पडून तुटतो. सकाळी दोन तास व्हरांड्यात, पानं पंख्यासारखी उघडून. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं, काळ्या मातीत वाळवी भिंतीतूनच चढते.

जुळे_सोलापूरकर
अवांतरात माझीही भर. अंथरुणाला सोलापुरी चादरीच घ्या, पण पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात मूठभर मीठ टाकून. रंग सोडतात. ओली चादर एकटीला पिळवत नाही, दोघींनी दोन टोकं धरायची. रोज वीस चादरी धुवायची पाळी लावली तर सहा दिवसांत वसतिगृह पूर्ण होतं आणि टाकीवर एकदम ताण येत नाही. नळाचं पाणी येण्याच्या आदल्या दिवशी धुणं ठेवू नका.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. तैलाभिषेक, अक्षता, होमप्रदीपन हे संक्रांतीच्या आसपासचे दिवस. सात नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे गावातले रस्ते बंद असतात, भाजीचा टेम्पो वेळेत येत नाही. दोन दिवसांची भाजी आधी भरा. मुलींना होम मैदानावर न्यायचं असेल तर दुपारी दोनला न्या, साडेचारला परत. त्या दिवसांत सूर्यास्त ६.१० ला, तेव्हा ५.२० पर्यंत ताट आटोपतं.

गवार_दोडका
हुरड्याचंही तेच. हुरडा पार्टी लोक रात्री करतात, तुम्ही सकाळी दहाला करा. कणसं ताजी असतात, आणि त्या दिवशी अष्टमी-चतुर्दशी नाही ना एवढं बघा.

नवी_अधीक्षिका
सर्वांचं वाचून कच्चा आराखडा केला.

वर्षाचे तीन काळ धरले. जून ते ऑक्टोबर मध्य: संध्याकाळची पंगत ४.४५ आणि ५.१५. ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारीअखेर: ४.१० आणि ४.३५, पहिली तासिका ८.३०. मार्चपासून पुन्हा ४.४५. प्रात्यक्षिकं वर्षभर सकाळी. दळण पावसाळ्यात सोमवार-गुरुवार, ज्वारी मार्चच्या अंदाजपत्रकात. टाकी दोन कप्प्यांची करून घेणार. परीक्षेचे डबे, उपवासाची तीन रकान्यांची यादी, मधुमेही मुलींसाठी लेखी परवानगी. चूक असेल तर सांगा.

घटकापळ
चांगलं झालंय. दोन दुरुस्त्या. सप्टेंबरअखेर सूर्यास्त ६.२० च्या आसपास येतो, ५.१५ ची दुसरी पंगत ५.४० ला उठेल, दोन घटकांच्या मर्यादेत बसत नाही. दुसरा काळ पंधरा सप्टेंबरपासून धरा, नाहीतरी दशलक्षणात वेळापत्रक बदलणारच आहे, एकदाच बदलेल.

माळदांडी
दुसरी मीच सांगतो. सोमवार-गुरुवार दळलं तर गुरुवारचं पीठ रविवारी चौथ्या दिवसात जातं. पावसाळ्यात सोमवार, गुरुवार आणि रविवार असं तीनदा करा. रविवारी थोडंच, एका दिवसापुरतं.

नवी_अधीक्षिका
दोन्ही बदल केले. रविवारी वीज देखभालीसाठी गेली तर शनिवारी संध्याकाळी दळून घेऊ. विहिरीचा गाळ उपसायचा आहे, तो पाऊस यायच्या आत मे महिन्यात काढावा की दिवाळीनंतर?

विहीर_आणि_बोअर
मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असतं तेव्हा. उपसण्याआधी शिल्लक पाणी गाळून जिवाणी जवळच्या दुसऱ्या विहिरीत सोडा. त्या शेतकऱ्याला आधी विचारून ठेवा.